बंद पडलेल्या चेतकचं इंजिन घरी बांधताना

नवा पिस्टन, नव्या रिंगा, बोअर मारून (सिलिंडर आतून नव्या मापाला कापून) आणलेला ब्लॉक. एवढं सगळं करून मी बांधलेलं पहिलं इंजिन ४० किलोमीटर चाललं. पन्हाळ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये त्याचा आवाज आधी बारीक झाला, मग कोरडा झाला, आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. हात क्लचवर होता म्हणून मी आणि मागे बसलेला मित्र धडपणे उतरलो. घरी आणून उघडलं तर नव्या पिस्टनवर उभे ओरखडे. पिस्टनचा दोष नव्हता, बोअर मारणाऱ्याचाही नव्हता. मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या चुंबकी चाकाच्या) बाजूचं जुनं ऑइल सील, म्हणजे हवा-तेल अडवणारी रबरी कडी, 'बरं दिसतंय की' म्हणून मीच तसं ठेवलं होतं. त्यातून हवा आत ओढली जायची, पेट्रोल कमी पडायचं आणि इंजिन तापायचं. आधीचा पिस्टनही त्याच सीलने खाल्ला होता.

तेव्हापासून माझ्या कट्ट्यावर एक नियम आहे: आधीचा पिस्टन का गेला हे कळल्याशिवाय नवा आणायचा नाही.

हा लेख जुन्या टू-स्ट्रोक चेतकबद्दल आहे. व्हेस्पा बनवणाऱ्या इटलीच्या पियाजिओबरोबरचा बजाजचा करार १९७१ साली संपला आणि पुढच्याच वर्षी आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडू लागली. घडण व्हेस्पा स्प्रिंटचीच. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५७ मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) ५७ मिमी, म्हणून १४५.४५ सीसी. एकच सिलिंडर, थंड करायला मॅग्नेटवरचा पंखा, चार गिअर डाव्या मुठीत. एकेकाळी बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायला लावणारी ही स्कूटर आज पुष्कळ घरांत जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी आहे. शिकण्यासाठी याहून सोपं इंजिन मिळणं अवघड. वाल्व नाहीत, टायमिंग चेन नाही. क्रँकचाच (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचा) एक कापलेला भाग फिरता फिरता पेट्रोल आत यायची वाट उघडतो आणि बंद करतो.

हत्यारं

१० ते २४ पर्यंतचे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट) हव्यातच. त्यात ११ नंबरचा चांगला पाना वेगळा घ्या, कारण केसचे (इंजिनाच्या दोन अर्ध्यांच्या कवचाचे) आणि हेडचे (सिलिंडरच्या झाकणाचे) नट ११ चे आहेत आणि घासलेला पाना त्यांचे कोपरे खातो. तीन खास हत्यारं सुट्या भागांच्या दुकानात मिळतात: मॅग्नेट पुलर, क्लचचा दातेरी नट खोलायचा पाना, आणि क्लच दाबून धरायचा शिकंजा. शिकंजा नाही मिळाला तर लांब बोल्ट आणि दोन जाड वायसर लावून काम भागतं. शिवाय नायलॉनची हातोडी, सर्कलिपची (पिस्टनची पिन अडवणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) पकड, फट मोजायचा फीलर गेज आणि शक्य असेल तर किती आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना.

हत्यारांइतकंच महत्त्वाचं म्हणजे झाकणाचे डबे. श्रीखंडाचे रिकामे डबे याला उत्तम. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून लिहायचं: 'क्लच', 'केसचे नट', 'मॅग्नेट प्लेट'. दर टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा. तीन महिन्यांनी एखादा वायसर कुठल्या बाजूने होता हे आठवत नाही, आणि काम तीन महिने लांबतंच.

उतरवण्याआधी

पहिली चूक बहुतेक जण इथेच करतात. इंजिन बाहेर काढून फरशीवर ठेवतात आणि मग त्याचे घट्ट नट खोलायला बसतात. धरायला काही नसल्यामुळे इंजिन सगळ्या अंगणात फिरतं. म्हणून स्कूटर चाकावर उभी असतानाच तीन कामं करून घ्या. मागच्या चाकाच्या मधल्या नटाची कॉटर पिन काढा, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि तो नट ढिला करा. फॅन कव्हर काढून चौथ्या गिअरवर, ब्रेक दाबूनच, मॅग्नेटचा नट ढिला करा. चाक काढल्यावर मागे क्लचचं कव्हर दिसेल. ते उघडून क्लचच्या नटावरची वायसरची वाकवलेली जीभ सरळ करा आणि तोही नट ढिला करून ठेवा. दात्यांत तांब्याची पट्टी अडकवली की क्लच फिरत नाही. तिन्ही नट पूर्ण काढायचे नाहीत, फक्त ढिले करायचे.

इंजिनाखाली मोठी परात ठेवून गिअर ऑइल काढा आणि त्याकडे नीट बघा. चंदेरी झाक असेल तर गिअर किंवा बेअरिंग झिजतंय. ऑइल २५० मिलीपेक्षा बरंच कमी निघालं, बाहेर गळतीची खूण नाही आणि स्कूटर पांढरा-निळा धूर काढत होती, तर क्लचच्या बाजूचं सील गेलंय. इंजिन स्वतःचं गिअर ऑइल पीत होतं. निदानाचं अर्धं काम या परातीत होतं.

केसवरचा इंजिन नंबर घासून आरसी बुकाशी ताडून बघा. जुन्या गाड्यांत कधीतरी केस बदललेली निघते, आणि १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला आरटीओत नंबर जुळला नाही तर बांधलेलं इंजिन घेऊन हेलपाटे मारावे लागतात. याच कारणाने नंबर असलेल्या भागावर कानस, ग्राइंडर किंवा वेल्डिंग काहीही फिरवू नका.

खाली उतरवणं

हे सगळ्यात सोपं. पेट्रोल बंद करून पाइप काढायचा. कार्बोरेटरच्या डबीतून रेसची आणि चोकची केबल सोडायची, कार्बोरेटर काढून तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. दोन गिअर केबली, क्लच केबल, मागच्या ब्रेकची केबल, वायरिंगच्या डबीतले जोड, प्लगची वायर, सायलेन्सर. वायरींचा फोटो हवाच, कारण ४० वर्षांत रंग उडालेले असतात आणि कुठल्यातरी मिस्त्रीने मध्येच आपल्या आवडीचा रंग जोडलेला असतो.

आता इंजिन दोनच ठिकाणी अडकलंय: पुढचा लांब आडवा बोल्ट आणि मागे शॉकअपचा बोल्ट. फूटबोर्डखाली लाकडी खोका द्या, चाक परत घालून नट हाताने लावा. मग शॉकअपचा बोल्ट, शेवटी लांब बोल्ट. लांब बोल्ट गंजून बसलेला असेल तर आदल्या रात्री त्यावर डिझेल सोडा आणि दुसऱ्या दिवशी नट शेवटच्या आट्यावर ठेवून त्यावर ठोका, म्हणजे बोल्टाचे आटे चेपत नाहीत. दोघांनी बॉडी उचलली की इंजिन आपल्याच चाकावर मागे निघून येतं.

पिस्टन वाचणे

हेडचे चार नट थोडे थोडे, तिरक्या क्रमाने सोडा. ब्लॉक वर ओढण्याआधी केसच्या तोंडाभोवती फडकं गुंडाळा, कारण पिस्टनच्या सर्कलिपा उडून नेमक्या तिथेच पडतात. पिस्टन काढला की धुऊ नका. आधी उजेडात धरून बघा.

ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर उष्णता बाहेर गेलेली नाही: सायलेन्सर कार्बनने भरलाय, फिन्समध्ये (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांमध्ये) चिखल आहे, किंवा सिलिंडरवरचं पत्र्याचं आवरण कुणीतरी 'हवा लागावी' म्हणून काढून टाकलंय. ते आवरण काढलं की पंख्याची हवा फिन्सवर जातच नाही, भलतीकडे जाते. चार कोपऱ्यांवर चार पट्टे असतील तर बोअर घट्ट मारला होता किंवा थंड इंजिन एकदम पळवलं. सगळीकडून कोरडे ओरखडे म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइलच नव्हतं. कुणीतरी भाच्याला पंपावर पाठवलं आणि त्याने मोटारसायकलसारखं नुसतं पेट्रोल भरून आणलं. माथ्याला भोक किंवा वितळल्यासारखी कड असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, नाहीतर ठिणगीचं टायमिंग फार पुढे.

पिस्टनचा माथा पांढरट आणि कोरडा असेल तर माझी पहिली शंका सीलवर, दुसरी कार्बोरेटरवर. माथा काळा, ओला, ऑइलने माखलेला असेल तर क्लचकडचं सील, किंवा मालकाचा 'थोडं जास्त ऑइल घातलेलं बरं' हा समज. हा समज महागात पडतो. ऑइल जास्त म्हणजे त्याच मापात पेट्रोल कमी, शिवाय कार्बन वेगळा. प्रमाण दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिली, आणि तेवढंच.

आता कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढा. बाजूला थोडी हललेली चालते. वर-खाली जरा जरी 'टक' जाणवली तर मोठं बेअरिंग गेलं, केस उघडायचीच. माझं मत विचाराल तर २० वर्षं उभी असलेली गाडी असेल तर टक नसली तरीही केस उघडावी. नाहीतरी आतली सीलं बदलायचीच आहेत.

केस उघडणं

मॅग्नेट पुलरने काढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटून किंवा हातोडीने नाही. काढल्यावर त्याच्या चुंबकांना एखादा लोखंडी पत्रा चिकटवून, लोखंडाच्या कीसापासून लांब, कपड्यात गुंडाळून ठेवा. क्रँकवरची अर्धचंद्राकृती चावी डब्यात टाका. ती हरवली की रविवार वाया.

मॅग्नेटमागची प्लेट तीन स्क्रूंवर असते. ते ढिले करण्याआधी अणकुचीदार खिळ्याने प्लेट आणि केस दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ ओढा. पुढे टायमिंग जुळवताना ही रेघच उपयोगी पडते. (आधीचं टायमिंगच चुकलेलं असण्याची शक्यता असते, पण पिस्टनचा माथा ते सांगतो.)

क्लच काढला, गिअरची डबी काढली, किकचा पाय काढला की केसभोवतीचे नट. सगळे काढलेत ना हे दोनदा मोजा. एखादा नट राहिला आणि केस ठोकली की ॲल्युमिनियम फुटतं. मॅग्नेटकडच्या अर्ध्या भागाला नायलॉनच्या हातोडीने आलटून पालटून हलकं ठोकत राहा. उघडत नसेल तर हॉट एअर गनने बेअरिंगभोवतीचा भाग तापवा. दोन अर्ध्यांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर कधीच घालू नये. तिथे पडलेला एक खाच आयुष्यभर ऑइल गाळतो.

किकच्या दात्याची स्प्रिंग आणि दोन छोटे रबरी ठोकळे कुठे, कसे होते याचा फोटो उघडल्या उघडल्या काढा. रबर बहुधा वितळून डांबर झालेलं असतं.

क्रँक निघाला की केसमधल्या त्या गुळगुळीत पट्टीकडे बघा, जिच्यावरून क्रँक घासल्यासारखा फिरतो. हीच या इंजिनाची पेट्रोल-झडप. इथे खोल ओरखडा असेल तर वाईट बातमी. किक मारताना कार्बोरेटरमधून पेट्रोल उलट उडायचं का, हे आठवून बघा. नखाला न लागणारे बारीक ओरखडे चालतात. पॉलिश पेपर मात्र मारायचा नाही, अंतर वाढलं की ते कमी करता येत नाही.

लेथवर काय पाठवायचं

ब्लॉक, क्रँक आणि नवा पिस्टन, तिन्ही एकत्र न्या. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेतो. पुण्याच्या लोकांना नाना पेठेत सुटे भागही मिळतात आणि बोअरवाल्यांचे पत्तेही. आधी ब्लॉक मोजून कितव्या साईझवर आहे ते कळतं. त्यावर ओरखडा जाईल एवढाच पुढचा साईझ. पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिमी अशा चढत्या साईझचे पिस्टन मिळतात. दुकानदार त्यांना दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात. पिस्टन हातात असल्याशिवाय बोअर मारू देऊ नका. 'वीस साईझ मारून ठेवतो, पिस्टन नंतर आणा' यात प्रत्येक पिस्टनमधला सूक्ष्म फरक विसरला जातो. पिस्टन आणि भिंत यांमधलं अंतर पिस्टनच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, तेच ठेवायला सांगा.

ब्लॉक घरी आणल्यावर आतून बोट फिरवा. पोर्टच्या (भिंतीतल्या भोकांच्या) कडा ब्लेडसारख्या लागल्या तर त्यांची धार मोडलेली नाही. बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून प्रत्येक पोर्टच्या कडेची धार हलकेच मोडा. हे काम बोअरवाला करतो असं धरून चालू नका. धारदार कड रिंग पकडते, रिंग तुटते आणि तुकडा बोअर खाऊन जातो. मग ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने, ब्रशने, पांढरा फडका पांढराच बाहेर येईपर्यंत धुवा. लगेच कोरडा करून ऑइल लावा, नाहीतर तासाभरात तांबूस झाक येते.

क्रँक प्रेसवर उघडून नवा रॉड किट बसवला जातो. हे घरी करायचं काम नाही. परत घेताना दोन टोकांवर डायल लावून तो सरळ फिरतो हे समोर बघून घ्या. ०.०५ मिमीपेक्षा जास्त डोलत असेल तर तसाच परत द्या.

या दिवसांत सायलेन्सर साफ करून घ्या. कॉस्टिकच्या पाण्यात रात्रभर ठेवला की कार्बन सुटतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि मुलं आजूबाजूला नसताना. त्याच पाण्यात हेड किंवा केस टाकाल तर पस्तावाल. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, फेसाळून खातं.

बेअरिंग आणि सील

जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचून तोच मागा. 'चेतकचं बेअरिंग द्या' म्हणून जे मिळेल ते घेऊ नका. सीलं तिन्ही नवी: मॅग्नेटकडचं, क्लचकडचं, मागच्या चाकाकडचं. बोटाने ओठ वाकवून बघायचा. कडक लागला तर दुकानात पडून जुनं झालेलं आहे.

बेअरिंग ठोकून बसवायचं नाही, घालायचं. आदल्या रात्री ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा (आमच्याकडे मटाराच्या पाकिटाशेजारी त्याची जागा ठरलेली आहे). सकाळी धुऊन कोरडी केलेली केस हॉट एअर गनने सगळीकडून सारखी तापवा. पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडाला पाहिजे, म्हणजे साधारण शंभर अंश. मग हातमोजे घालून बेअरिंग सरळ धरायचं आणि सोडायचं. जमलं तर ते 'टप' असा आवाज करून आपल्या आपण तळाला बसतं. तिरकं बसलं तर ठोकू नका, पुन्हा तापवून बाहेर काढा. पाच सेकंदांचा खेळ असतो. तेवढ्यात फोन वाजला तरी घेऊ नका.

सील बसवताना ओठाला ऑइल लावा. ओठाची स्प्रिंग असलेली बाजू दाबाकडे, म्हणजे क्रँकच्या पोकळीकडे, ही सर्वसाधारण रीत. तरी तुमच्या इंजिनात जुनं कसं होतं त्याचा फोटो ताडून बघा.

गिअर आणि क्लच

गाडी चालता चालता दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमधून सुटत असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा मधला क्रॉस, गिअर नव्हेत. चार हातांचा हा तुकडा गिअरच्या आत सरकतो. त्याचे कोपरे गोल झाले की गिअर टिकत नाही. नवा घालताना त्याचा दांडा उलट्या आट्याचा आहे हे लक्षात ठेवा, जोर लावाल तसा घट्ट होईल. गिअर शाफ्टवर चढवून, वरचा वायसर लावून फीलर गेजने खेळ मोजा. ०.१५ ते ०.४० मिमी हवा. जास्त असेल तर जाड वायसर मिळतो. हा वायसर न बदलता नुसता क्रॉस बदलला म्हणूनच काहींचा गिअर सहा महिन्यांत पुन्हा सुटायला लागतो.

क्लचच्या कॉर्कच्या प्लेटा रात्रभर गिअर ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या घातल्या तर पहिल्याच दिवशी जळतात. नटाखालचा जिभेचा वायसर नवा, नट ४० ते ४५ न्यूटन मीटर, आणि जीभ वाकवायला विसरू नका.

बांधणी

क्रँक आधी क्लचकडच्या अर्ध्यात, कारण तिथे तो घट्ट बसतो. मग गिअर शाफ्ट, मधला शाफ्ट, किकचा दाता स्प्रिंगसह, नवे रबरी ठोकळे. जुन्या इंजिनांत मधल्या शाफ्टमध्ये सुट्या सुया असतात. त्या ग्रीसने चिकटवा आणि एकही खाली पडली नाही हे मोजून खात्री करा. दोन अर्ध्यांमधल्या कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी ग्रीसचा अगदी पातळ हात. लाल-काळा गोंद भरपूर लावणाऱ्यांचं मला कोडंच वाटतं: बाहेर जेवढा दिसतो तेवढाच आतही फुगलेला असतो, आणि तो तुकडा सुटला की पेट्रोलच्या वाटेत जातो.

दोन्ही अर्धे हाताच्या दाबाने जवळ यायला हवेत. शेवटचे दोन-तीन मिमी मॅग्नेटकडची केस तापवून. नट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन फेऱ्यांत, १२ ते १५ न्यूटन मीटर. प्रत्येक फेरीनंतर क्रँक हाताने फिरवा. जड लागला तर क्रँकच्या दोन्ही टोकांवर नायलॉनच्या हातोडीची एकेक हलकी टप्पल द्या, बहुतेक वेळा मोकळा होतो. तरीही जड असेल तर उघडा, जोर लावून 'चालून चालून होईल मोकळा' असं म्हणू नका. चारही गिअर हाताने लावून बघा. ब्लॉकच्या तोंडाशी आत आलेलं पॅकिंग ब्लेडने कापा.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग ब्लॉकमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला आणि तोंडाची फट मोजा: ०.२० ते ०.३५ मिमी. कमी असेल तर बारीक कानशीने टोक घासा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगेचं तोंड खाचेतल्या पिनवर नेमकं बसलं पाहिजे. सर्कलिपा नव्या, बसल्यावर बोटाने फिरवून बघा. ब्लॉक चढवताना रिंगा नखांनी दाबा आणि ब्लॉक फिरवू नका, सरळ खाली आणा. इथे हातोडीचं काही काम नाही.

हेड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, आठच्या आकड्यासारखं फिरवत सपाट करा. नट तिरक्या क्रमाने, १३ ते १८ न्यूटन मीटर.

रक्तदाबाच्या यंत्राने तपासणी

पन्हाळ्यानंतर मी हे कधीही टाळलेलं नाही. डॉक्टरांकडचं जुनं, पंप आणि गोल घड्याळाचं रक्तदाब यंत्र घ्या. पट्टा फाटलेला असला तरी हरकत नाही. जुन्या स्पार्क प्लगमधली चिनीमाती फोडून काढा आणि पोकळ प्लगच्या बुडख्यात यंत्राची नळी ॲराल्डाइटने बसवा. कार्बोरेटरच्या जागी ट्यूबचा तुकडा आणि त्यावर जाड पट्टी आवळा. एक्झॉस्टच्या तोंडात रबरी बूच, वर क्लिप. पिस्टन तळाला आणा. गिअर ऑइल भरायच्या भोकावर फुगा ताणून बसवा. गिअरच्या कप्प्याला हवेची दुसरी वाट असेल तर ती चिकटपट्टीने बंद करा.

हळूहळू पंप दाबून काटा २५० वर न्या, त्याच्या वर नाही. मग हात काढून काट्याकडे बघा. काही मिनिटांत एखाद-दोन रेघा उतरला तर छान. भराभर उतरला तर साबणाचं पाणी घेऊन शोधायला लागा: ब्लॉकखाली, केसच्या जोडावर, मॅग्नेटकडच्या सीलभोवती. बुडबुडे कुठेच नाहीत पण फुगा हळूहळू मान वर काढतोय, तर हवा गिअरच्या कप्प्यात जातेय: क्लचकडचं सील, नाहीतर आतला जोड. मागच्या वर्षी एका मित्राच्या स्कूटरीवर फुगा असा ताठ उभा राहिला होता. रात्रीचे दहा वाजलेले, इंजिन पूर्ण बांधलेलं. तो म्हणाला, "एवढंसं चालतं रे." आम्ही चहा घेतला आणि केस पुन्हा उघडली. सीलचा ओठ बसवताना क्रँकच्या चावीच्या खाचेवर कापला गेला होता. तेव्हापासून त्या खाचेवर चिकटपट्टीचा वेढा देऊनच मी सील सरकवतो.

पॉइंट, प्लग, पेट्रोल

मॅग्नेटमागची प्लेट रेघेवर रेघ ठेवून आवळा. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) नवे असतील तर मॅग्नेटच्या खिडकीतून, जास्तीत जास्त उघडलेले असताना, ०.४ मिमी ठेवा. कंडेन्सरही सोबत बदला. ठिणगी निळसर आणि कडक हवी. पिवळी, लुळी असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. नंतरच्या चेतकमध्ये पॉइंटऐवजी सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आहे, तिथे नुसती रेघ जुळवायची. मॅग्नेटचा नट ६० ते ६५ न्यूटन मीटर, चावी जागेवर आहे याची खात्री करून. प्लगची फट ०.६.

इंजिन गाडीत परत चढवल्यावर गिअर ऑइल एसएई ३०, पातळीच्या भोकातून ओघळेपर्यंत. गाडी तेव्हा सरळ उभी हवी.

पेट्रोलचा पाइप आणि नळाचं रबर बदलाच. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि चिकट होतं. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच बंद करा.

पहिली किक

प्लग काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून दहा किका मारा, ऑइल सगळीकडे फिरेल. मग प्लग लावा, चोक ओढा. किक मारण्याआधी स्कूटर एका बाजूला कलती करण्याची आपली सवय आहे, पण कार्बोरेटर नीट असेल तर तिची गरज पडत नाही. चार-पाच किकांत खोकून चालू होईल. सुरुवातीला भरपूर धूर येईल, बांधताना लावलेलं ऑइल जळतंय ते. दहा मिनिटांत धूर कमी व्हायला हवा. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटंच चालवून बंद करा, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, पुन्हा चालवा. असं तीनदा. पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कवर तपासा. पहिल्या वेळी ते थोडे फिरतातच.

पुढचे ५०० किलोमीटर पूर्ण रेस नाही, आणि एकाच वेगाने तासभर नाही. तितकंच वाईट म्हणजे चौथ्या गिअरमध्ये हळू चालवून इंजिनाला कण्हायला लावणं. चढ आला की लगेच खालचा गिअर. लांब उतारावर रेस पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडू नका: रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि त्या पेट्रोलातच तर ऑइल आहे. मध्ये मध्ये रेस जरा उघडा.

१०० किलोमीटर झाल्यावर रेसवर चालवतानाच किल बटण दाबून, क्लच धरून बाजूला थांबा आणि प्लग काढून बघा. चहाच्या बिस्किटाचा रंग आला तर निश्चिंत व्हा. पांढरा दिसला तर घरीच न्या, पन्हाळ्याला नको.